आचार्य कोसंबींचे परदेशातील पालिकार्य

परदेशी विद्यापीठात काम करणाऱ्या पंडितास तेथील हवा, अन्न व भाषा यांशी जमवून घ्यावे लागते. परंतु आपल्या श्रमाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न त्याहून कठीण असतो. आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रावरून आम्हांस हेच दिसते.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी ते पालि शिकले. वॉरेन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करण्यासाठी ते १९१० साली हार्वर्डला गेले. तेथे संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा काम सोडून ते १९१२ साली परतले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवू लागले. तथापि ग्रंथ त्यांनी टाकला नाही. १९१८ साली कन्या माणिक व पुत्र दामोदर यांसह ते पुन्हा हार्वर्डला गेले. पुढे १९२९ साली लेनिनग्राडमध्येही त्यांनी पालि शिकविली.

‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. हार्वर्डची रोमन आवृत्ती १९५० साली निघाली. तीवर वॉरेन यांच्यासह कोसंबींचेही नाव आहे.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडील जे तरुण पालि शिकून परदेशी जातील, त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. देवनागरी ग्रंथ आपल्या वाचकांच्या हाती दहा वर्षे आधी पडला होता.