वायू आणि विजेचे घाऊक दर : नाते, कल आणि परिणाम

नैसर्गिक वायू आणि वीज यांचे घाऊक दर म्हणजे उत्पादक, आयातदार, वितरण कंपन्या आणि मोठे उद्योग यांच्यातील खरेदी-विक्रीचे दर. सामान्य ग्राहकाच्या हाती येणारे वीजबिल किंवा सीएनजीच्या पंपावरील दर त्यांच्यावर बेततात; मात्र दोन्हींच्या मध्ये वाहतूक, कर, वितरणातील गळती आणि नियामकांचे आदेश असतात. युरोपात वायू महागला की वीजही महागते, असा अनुभव २०२२ मध्ये आला. भारतात हे नाते वेगळे आहे. वर्षाच्या सरासरीत ते फारसे दिसत नाही. उन्हाळ्यातील संध्याकाळी मात्र ते ठळकपणे जाणवते.

देशी वायूचे दर

वायूचा दर दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिट, म्हणजे एमएमबीटीयू, या उष्णतेच्या एककाला डॉलरमध्ये सांगितला जातो. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांच्या जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर सरकारी सूत्राने ठरतो. २०१४ च्या सूत्रानुसार अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया येथील दरांच्या सरासरीवरून दर सहा महिन्यांनी तो निश्चित होत असे. जागतिक बाजारातील चढउतार त्यामुळे थेट देशी दरात उतरले. ऑक्टोबर २०२० मध्ये हा दर १.७९ डॉलरपर्यंत घसरला, एप्रिल २०२२ मध्ये ६.१० डॉलरवर गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ८.५७ डॉलरवर पोहोचला.

या वाढीचा भार सीएनजी, घरगुती पाइप गॅस आणि खतनिर्मितीवर पडू लागल्याने केंद्राने किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर एप्रिल २०२३ पासून नवे सूत्र लागू झाले. भारत आयात करीत असलेल्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के इतका दर दरमहा जाहीर होऊ लागला आणि त्याला ४ डॉलरची किमान व ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. दोन वर्षांनंतर कमाल मर्यादेत दरवर्षी पाव डॉलर वाढ करण्याची तरतूद आहे. त्यानुसार एप्रिल २०२५ मध्ये ती ६.७५ डॉलर झाली. खोल समुद्रातील कठीण क्षेत्रांना वेगळी आणि अधिक मर्यादा लागू आहे.

आयातीचे दर

देशाच्या गरजेपैकी जवळपास निम्मा वायू द्रवरूपात, म्हणजे एलएनजी म्हणून, आयात होतो. कतार हा त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार असून गुजरातमधील दहेज हे सर्वांत मोठे आयात केंद्र आहे. कोकणात दाभोळ येथेही असे केंद्र आहे. दीर्घ मुदतीच्या करारांतील दर सामान्यतः कच्च्या तेलाच्या किमतीशी बांधलेले असल्याने ते तुलनेने संथ गतीने बदलतात. पेट्रोनेट एलएनजी आणि कतार यांच्यातील वार्षिक ७५ लाख टनांच्या कराराला फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत मुदतवाढ मिळाली.

स्पॉट, म्हणजे तत्काळ खरेदीच्या, बाजाराची चाल याउलट आहे. आशियातील स्पॉट दर एप्रिल २०२० मध्ये २ डॉलरच्या खाली होता. युक्रेन युद्धाला तोंड फुटल्यानंतर मार्च २०२२ मध्ये त्याने ८० डॉलरची पातळी ओलांडली. पुढे दर उतरले, तरी युरोप आणि आशिया एकाच जहाजासाठी बोली लावतात ही स्थिती कायम राहिली. युरोपातील कडक हिवाळा किंवा पश्चिम आशियातील तणाव यांची किंमत त्यामुळे भारतीय खरेदीदारालाही मोजावी लागते.

विजेचा बाजार

भारतातील बहुतांश वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी विकली जाते. एक्स्चेंजमधील वाटा एकूण विजेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहे. तरीही टंचाई किंवा मुबलकता सर्वांत आधी तेथेच दिसते. इंडियन एनर्जी एक्स्चेंज २००८ मध्ये सुरू झाले. उद्याच्या विजेसाठी आज बोली लागणाऱ्या ‘डे-अहेड’ बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात. प्रत्येक भागात मागणी भागवण्यासाठी लागणाऱ्या सर्वांत महाग विक्रेत्याची बोली हाच सर्वांचा दर ठरतो.

मार्च २०२२ मध्ये उष्णतेची लाट आणि कोळशाची टंचाई एकत्र आल्याने काही भागांत दर प्रतियुनिट २० रुपयांच्या तत्कालीन कमाल पातळीला भिडला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये ही मर्यादा १२ रुपयांवर आणि वर्षभरानंतर १० रुपयांवर आणली. डे-अहेड बाजारातील वार्षिक सरासरी २०२२-२३ मध्ये ५.९४ रुपये, २०२३-२४ मध्ये ५.२४ रुपये आणि २०२४-२५ मध्ये ४.४७ रुपये होती. कोळशाचा सुधारलेला पुरवठा आणि वाढती सौर क्षमता ही या घसरणीची प्रमुख कारणे आहेत.

मात्र सरासरीच्या आड दोन वेगळे बाजार आहेत. दुपारी सौरऊर्जेमुळे वीज मुबलक असते. मे २०२५ मध्ये ‘रिअल टाइम’ बाजारातील दर काही काळ शून्यावर आला. सूर्यास्तानंतर सौर पुरवठा थांबतो, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे चालूच राहतात आणि दर वर जातो.

नाते कोठे जुळते

एक एमएमबीटीयू वायूपासून आधुनिक संयुक्त चक्र प्रकल्पात साधारण १३० युनिट वीज तयार होते. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ६.७५ डॉलरच्या देशी वायूवर इंधनखर्च प्रतियुनिट सुमारे साडेचार रुपये येतो. १२ डॉलरच्या एलएनजीवर तो पावणेआठ ते आठ रुपये होतो. वाहतूक आणि कर वेगळे. वायू ३० डॉलरवर गेल्यास खर्च वीस रुपयांच्या आसपास पोहोचतो, तर बाजारातील मर्यादा १० रुपयांची आहे. स्वस्त देशी वायूच्या वाटपात सीएनजी, घरगुती पाइप गॅस आणि खते यांना प्राधान्य असल्याने वीजप्रकल्पांच्या वाट्याला तो अपुराच येतो.

परिणामी देशात वीस हजार मेगावॅटहून अधिक वायुआधारित क्षमता उभी असूनही एकूण वीजनिर्मितीत वायूचा वाटा सुमारे दोन टक्के आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून अपेक्षित वायू न मिळाल्याने गेल्या दशकात अनेक प्रकल्प बंद पडले. गुहागर तालुक्यातील १,९६७ मेगावॅटचा रत्नागिरी प्रकल्पही दीर्घकाळ क्षमतेच्या अंशावरच चालला.

तरीही संध्याकाळच्या टंचाईत हेच प्रकल्प कामी येतात, कारण कोळशाच्या तुलनेत ते लवकर सुरू होतात. केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ नुसार मे आणि जून २०२४ मध्ये ते चालवण्याचे आदेश दिले. त्या वर्षी ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली होती. महाग वायूवरील विजेसाठी मार्च २०२३ मध्ये वेगळा ‘उच्च दर’ बाजारही सुरू झाला. तेथील मर्यादा प्रथम ५० रुपये होती, नंतर ती २० रुपये झाली.

भार कोणावर

दरमर्यादेमुळे वितरण कंपन्यांना संरक्षण मिळते, परंतु टंचाईच्या वेळी महाग वीज बाजारात येण्याचे प्रोत्साहनही घटते. बाजारात वीज न मिळाल्यास उरतो तो भारनियमनाचा मार्ग. त्याची किंमत कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. दुसरीकडे खरेदी महागली, तर २०२२ च्या सुधारित नियमांनुसार वाढीव खर्च दरमहा बिलात वर्ग करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील ग्राहकाला तो ‘इंधन समायोजन आकार’ या रकान्यात दिसतो.

दुपारची स्वस्त वीज साठवून संध्याकाळी देणाऱ्या बॅटरी आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पांना याच दरतफावतीतून उत्पन्न मिळते. त्यांची क्षमता जसजशी वाढेल, तसतशी महाग वायूची गरज कमी होईल. तोपर्यंत घाऊक दरांचा कल पाहताना केवळ मासिक सरासरीवर विसंबता येणार नाही. सूर्यास्तानंतरच्या तासांतील विजेचा दर, एलएनजीचा स्पॉट दर आणि डॉलरचा विनिमय दर हे तीन आकडे एकत्र पाहिल्यासच पुढील उन्हाळ्याच्या बिलाचा अंदाज बांधता येतो.