मधली ११८ वर्षे

इ. स. १६६५ मध्ये, म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, इटलीत खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांना दुर्बिणीतून गुरूवर एक ठळक डाग दिसला. मधूनमधून लुप्त होत तो पुन्हा पुन्हा दिसत राहिला. १७१३ मध्ये, बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले त्या वर्षी, त्याची शेवटची नोंद झाली. त्यानंतर थेट १८३१ मध्ये गुरूच्या दक्षिण गोलार्धात तशाच डागाची खूण रेखाटली गेली. १८७८ पासून हा ‘तांबडा डाग’ सतत निरीक्षणाखाली आहे.

हा डाग म्हणजे पृथ्वीहून रुंद असे एक वादळ. गुरूला घनपृष्ठ नाही. जमिनीशी घासून वादळाची शक्ती तेथे क्षीण होत नाही. परस्परविरुद्ध दिशांनी वाहणाऱ्या दोन वायुप्रवाहांच्या मध्ये ते फिरत राहते. या दीर्घायुष्याच्या भरवशावर अनेकांनी दोन्ही टोके जोडून डागाचे वय साडेतीनशे वर्षे ठरवले. मधल्या ११८ वर्षांचे मौनही त्या बेरजेत निमूटपणे मिळवले गेले. २०२४ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी जुनी रेखाटने तपासून डागांचा आकार आणि हालचाल ताडून पाहिली. कॅसिनींचा डाग विरून गेला असावा आणि आजचा डाग निराळा असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वादळे मरतात, हे तर आधीच ठाऊक होते. व्हॉयेजर-२ यानाला १९८९ मध्ये नेपच्यूनवर दिसलेला प्रचंड काळा डाग १९९४ मध्ये हबल दुर्बिणीला सापडला नाही.

साहित्याचा इतिहास लिहितानाही आपण असेच पूल बांधतो. दोन शतकांच्या टोकांना एकच नाव आढळले, की मधली परंपरा ‘अखंड’ होती, असे लिहून मोकळे होतो. आपल्या जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांची रीत वेगळी होती. १२९० मधील ज्ञानेश्वरी त्यांच्यापर्यंत आली ती नकलाकारांच्या हातांतून. मूळ ग्रंथ निर्दोष, पण पाठांतराने त्यात अशुद्धे शिरली, हे ओळखून त्यांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथावरची श्रद्धा अढळ ठेवूनही मधल्या तीन शतकांवर त्यांनी आंधळा विश्वास टाकला नाही.

परंपरा मानणे आणि ती सिद्ध करणे यांतले हे अंतर आहे. ‘अखंड’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या वहीत उतरण्यापूर्वी मधल्या वर्षांचा पुरावा कोणता, एवढे तरी वर्गात विचारले गेले पाहिजे. पुरावा नसेल, तर ती जागा रिकामी ठेवणे हेही इतिहासलेखनच होय.