कॅमेऱ्याची वीज आणि रांगेतला नंबर

लोडशेडिंगमध्ये अख्खं घर अंधारात असायचं, पण हॉलमधला फोन चालू! कारण त्याचे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून त्याच दोन तारांवरून यायचे. नेटवर्क कॅमेऱ्याला ही सोय मिळायला वेळ लागला. स्वीडनच्या ॲक्सिसने १९९६ मध्ये पहिला नेटवर्क कॅमेरा काढला (मोठं एक चित्र पाठवायला १७ सेकंद, बोला!), पण त्याला वीज वेगळी द्यावी लागे. म्हणजे कॅमेरा तिथे प्लग पॉइंट आलाच.

२००३ मध्ये ८०२.३एएफ हे स्टँडर्ड आलं आणि नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळू लागली. यात मला आवडते ती स्विचची सावधगिरी. तो आधी दहाच्या आत व्होल्ट लावून पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते चाचपतो. सापडला तरच ४८ व्होल्ट.

आता हिशोब बघा. पोर्टमागे १५.४ वॉट, म्हणजे चोवीस पोर्टना ३७० वॉट. स्वस्तातल्या स्विचमध्ये एवढी ताकद नसते. मग उपाशी कोणी राहायचं? त्यासाठी त्याच वर्षीच्या आरएफसी ३६२१ मध्ये पोर्टला तीन दर्जे आले: क्रिटिकल, हाय, लो.

आमच्या सोसायटीत सगळेच 'लो'वर होते. गेटजवळून एक सायकल गेली तेव्हा कळलं, रात्रीचं चित्रणच नाही. दिवसा कॅमेरा ठणठणीत! आम्ही दोनदा केबल बदलली. खरं कारण असं की अंधार पडला की सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागायचे, वीज कमी पडायची आणि शेवटच्या पोर्टवरचा गेटचा कॅमेरा बळी जायचा.

आता गेट 'क्रिटिकल'वर आहे. पार्किंगवाले कुरकुरतात, पण नवा स्विच जनरल बॉडीत मंजूर व्हायचाय.