वळिवड्याच्या छावणीतील माता आणि त्यांच्या शाळा

कापडाच्या धंद्यानिमित्त कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जाऊन आलेली मंडळी आपल्या सोलापुरात पुष्कळ आहेत. तेथील सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने, गाठोडी वाहणारे हमाल आणि सणासुदीची गर्दी हे सर्व त्यांच्या परिचयाचे आहे. परंतु ज्या जमिनीवर हा बाजार उभा आहे, तेथे 1943 ते 1948 या काळात एक पोलिश गाव वसले होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. वळिवडे येथील त्या छावणीत सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. पुरुष एकतर सैन्यात होते, नाहीतर या जगात नव्हते.

पोलंडच्या स्त्रिया पंचगंगेच्या काठी कशा पोहोचल्या, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले व देश वाटून घेतला. पूर्व भागातील कुटुंबांना 1940 व 1941 मध्ये रात्री-अपरात्री उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आले. पूर्वी ही संख्या दहा लाखांच्या वर सांगितली जाई; सोव्हिएत कागदपत्रे उघड झाल्यावर ती सव्वातीन लाखांच्या आसपास दिसते. आकडा कोणताही घ्या, एप्रिल 1940 च्या तुकडीत मुख्यतः अटकेत असलेल्या पुरुषांच्या बायका, आया व मुले होती. बायकांचा अपराध एवढाच की त्या कोणाच्या तरी पत्नी होत्या.

पुढे हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा रशियाला दोस्तांची गरज भासली आणि 1941 च्या उन्हाळ्यात या बंदिवानांना ‘माफी’ मिळाली. (माफी कशाची, हे विचारू नये!) जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले आणि ते दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या बाजूला जमत आहे ही वार्ता दूरदूरच्या वस्त्यांत पोहोचली. स्त्रिया मुलांना घेऊन निघाल्या. वाटेत टायफसने, हगवणीने आणि उपासमारीने किती मेल्या याची मोजदाद नाही.

या प्रवासातील एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. सैन्याच्या आश्रयाने पोलिश अनाथालये निघाली होती. तेथे मुलांना दोन घास मिळत आणि देशाबाहेर पडताना त्यांचा नंबरही लागे. म्हणून कित्येक मातांनी आपली पोटची पोरे अनाथ म्हणून तेथे सोडली. आई जिवंत असताना ‘मला आई नाही’ असे सांगायला मुलाला शिकवायचे, यापेक्षा कठीण शिकवण कोणत्या आईने दिली असेल? काहींची पुढे भेट झाली, काहींची कधीच झाली नाही. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे 1942 मध्ये ज्या पोलिश मुलांना आश्रय दिला, त्यांत अनाथांबरोबर अशीही मुले होती. महाराजांचे नाव पोलंडमध्ये आजही आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ती मुले जिवंत राहावीत म्हणून ज्यांनी त्यांना दूर लोटले, त्या बायकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

1942 च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार पोलिश लोक इराणात उतरले. पहलवी बंदरात, म्हणजे आताच्या अंजलीत, किनाऱ्यावरच त्यांचे कपडे जाळण्यात आले आणि उवांमुळे स्त्रियांचीही डोकी भादरण्यात आली. इस्फहानमध्ये दोन हजारांहून अधिक मुलांसाठी वसतिगृहे व शाळा निघाल्या. पोलिश लोक त्या शहराला अद्याप ‘पोलिश मुलांचे शहर’ म्हणतात. तेहरानच्या दुलाब कबरस्तानात सुमारे एकोणीसशे पोलिश कबरी आहेत. वाचले ते तेथून कोणी आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडला गेले, आणि काही हजार कराचीमार्गे आपल्याकडे आले.

कोल्हापूर संस्थानात त्या वेळी राजाराम महाराज हयात नव्हते. त्यांचे 1940 मध्ये निधन झाले होते, गादीवर दत्तक घेतलेले बालवयाचे शिवाजी महाराज होते आणि त्यांच्या नावाने रीजन्सीचा कारभार चालू होता. राजमाता ताराबाई त्या रीजन्सीच्या प्रमुख होत्या. म्हणजे निर्वासित विधवांना जागा देणाऱ्या संस्थानाच्या शिरोभागीही एक विधवाच होती. छावणीचा खर्च मात्र लंडनमधील परागंदा पोलिश सरकार करीत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण निर्वासित म्हणजे फुकट खाणारे असा एक समज सर्व देशांत आढळतो.

मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. भिंतींना तट्टे, प्रत्येक कुटुंबाला छोटी जागा, पुढे ओसरी. दवाखाना, चर्च, पोस्ट, नाटक-सिनेमाचे सभागृह, सहकारी दुकान, सर्व काही आत होते. बायका मिळणाऱ्या भत्त्यातून सामान घेऊन घरीच स्वयंपाक करीत. भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता मराठी आकडे शिकत. ज्यांनी बर्फात लाकडे तोडली होती त्यांना आता उकाडा, विंचू आणि हिवताप यांच्याशी सामना होता.

आणि सर्वांत आधी त्यांनी काय केले म्हणाल, तर शाळा काढल्या! बालवाडीपासून प्राथमिक, माध्यमिक आणि हातच्या धंद्याचे शिक्षण देणारे वर्ग सुरू झाले. पुरुष नसल्याने शिकवणे बहुतांशी स्त्रियांकडेच होते. मुलांची तीन-तीन वर्षे वाया गेलेली, दहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नाही, पुस्तके अपुरी. तरी शाळा भरत राहिली, परीक्षा होत राहिल्या, बालवीर व वीरबाला यांची पथकेही चालली. शिक्षण पोलिश भाषेत होते. आपल्या मुलींनी उर्दू माध्यमात शिकावे की मराठी, यावर आपल्याकडे जो वाद रंगतो तो त्या मातांपुढे नव्हता, कारण त्यांना एक दिवस घरी परतायचे होते.

ते घर मात्र हळूहळू नाहीसे होत होते. छावणी उघडण्याच्या सुमारास, एप्रिल 1943 मध्ये, रशियातील कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडल्याचे जर्मनांनी जाहीर केले. 1940 च्या वसंतात सुमारे बावीस हजार बंदिवान गोळ्या घालून मारले गेले होते. वळिवड्यात अशाच बंदिवानांच्या बायका होत्या. विश्वास कोणावर ठेवायचा? जर्मन खोटारडे, रशियन कानांवर हात ठेवणारे. मॉस्कोने ही गोष्ट कबूल केली ती 13 एप्रिल 1990 रोजी, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर कितीतरी जणी ‘वाट पाहणाऱ्या’ म्हणूनच मरण पावल्या. 1945 मध्ये याल्टा परिषदेने पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच ठेवला आणि त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. या बायकांना परतायला देश उरला होता, पण गाव उरले नव्हते.

1947-48 मध्ये छावणी रिकामी झाली. काही कुटुंबे पोलंडला गेली, पुष्कळ ब्रिटनला, काही पुढे ऑस्ट्रेलिया-कॅनडाला. एखाद-दुसरीने इकडच्या माणसाशी लग्न करून कोल्हापूरच आपले म्हटले. आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. एका देशाच्या बायकांनी सोडलेल्या चुलीवर दुसऱ्या देशातून आलेल्या बायकांनी आपली हंडी चढवली. अरबी लिपीत लिहिली जाणारी भाषा बोलणारी ही हिंदू कुटुंबे मराठी मुलखात नव्याने उभी राहिली.

आता मुद्द्याची गोष्ट. वळिवड्याविषयी एवढे सांगता येते, कारण त्या छावणीत शिकलेल्या मुलामुलींनी लंडनमध्ये संघ स्थापून आठवणी गोळा केल्या आणि 2000 मध्ये पोलिश भाषेत जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात 1998 मध्ये स्मारक झाले. त्या तट्ट्यांच्या शाळेत लिहायला शिकलेली पिढी होती, म्हणून हे घडले. त्याच बराकींत आलेल्या सिंधी स्त्रियांबद्दल याच्या शतांशही लिहिलेले आढळत नाही.

आणि आपल्याबद्दल? सोलापूरची हद्द ओलांडली की 1948 पर्यंत मोगलाई लागत असे. तुळजापूर आणि नळदुर्ग दुसऱ्या राज्यात होते. रझाकारांच्या धाकाने 1947-48 मध्ये तिकडची हिंदू कुटुंबे इकडे आली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवून मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्यात विधवांचा उल्लेख आहे, पण तोही आकड्यांच्या ओघात. घर सोडून निघालेली एखादी बाई कोणत्या वाटेने आली, तिने पहिली चूल कोठे मांडली, तिच्या मुलीची शाळा सुटली की पुन्हा सुरू झाली, हे अहवालात सापडत नाही.

विद्यार्थिनींनो, तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या जवळ आहे. तुमच्या घरात, गल्लीत किंवा आजोळी अशी एखादी नानी, दादी किंवा शेजारची आजी असेल, तर येत्या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. गाव कोणते, किती जण निघाले, बैलगाडीने की पायी, अंगावर काय होते, सोबत काय घेतले, मागे काय राहिले, पहिल्या रात्री कोणी जेवू घातले, हे विचारा. ती दखनीत सांगेल तर दखनीतच उतरवून घ्या, शुद्ध करीत बसू नका. वहीवर तारीख घाला आणि तिचे पूर्ण नाव लिहा, वडिलांचे व पतीचे नंतर.