माल्टातील प्यूनिक दगड

कार्थेज म्हटले की आपणांस हॅनिबल आठवतो, त्याचे हत्ती आठवतात, आणि इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी धुळीस मिळविलेले शहर आठवते. पण हे सारे आपण ऐकतो ते शत्रूच्या तोंडून. मग प्यूनिक लोकांची स्वतःची साक्ष काढावयाची कोठे?

सिसिलीच्या दक्षिणेस माल्टा हे चिमुकले बेट आहे. फिनिशियन दर्यावर्दी तेथे वसले. पुढे कार्थेजचा अंमल आला, आणि इ. स. पूर्व २१८ मध्ये रोमनांचा. १७५० साली आजियुस दे सोल्दानिस या पाद्र्याने पुस्तक लिहून प्रतिपादिले की, माल्टी लोकांची बोली ही प्यूनिकच होय! ते खरे नव्हे; ती अरबीची लेक आहे. गंमत अशी की, बोलीत नसलेले प्यूनिक विद्वान शोधीत होते आणि दगडांत असलेले समोर उभे होते.

झुरिएक गावी पाद्र्याच्या घराच्या बागेत एक चौकोनी बांधकाम आहे. मोठमोठे घडीव दगड आणि माथ्याशी कंगणी. खरी साक्षीदार ती कंगणीच. ती आतून खोलगट होत वर बाहेर झुकते. ही धाटणी मिसर देशाची. फिनिशियनांनी ती उचलली आणि जातील तेथे नेली. अठराव्या शतकात हुएल या फ्रेंच चित्रकाराने या वास्तूचे चित्र काढले, पण तिला म्हटले ग्रीक घर. देखणे दिसले की ग्रीक, असा तेव्हाचा शिरस्ताच होता म्हणा ना!

तास-सिल्जच्या टेकडीवरील देवळाची कथा याहून विलक्षण. तेथे प्रागैतिहासिक देवळाच्या प्रचंड शिळा होत्या. फिनिशियनांनी त्या पाडल्या नाहीत. त्यांनाच धरून आपल्या अस्टार्टे देवीचे देऊळ उभारले. रोमन तिला जूनो म्हणू लागले. सिसेरो सांगतो की, मासिनिसा राजाच्या नौदलप्रमुखाने या जूनोच्या देवळातून अवाढव्य हस्तिदंत उचलून राजाला नजर केले. ते कोठले हे कळताच राजाने त्यांवर प्यूनिक अक्षरांत लेख कोरवून ते परत पाठविले. पुढे सिसिलीचा रोमन सुभेदार व्हेरेस याने ते लुबाडले, आणि इ. स. पूर्व ७० मध्ये सिसेरोने त्याच्यावरील आरोपांत हेही घातले.

दंत गेले. पण १९६३ पासून इटालियन संशोधकांनी ती टेकडी खणली, तेव्हा मडक्यांच्या खापऱ्या निघाल्या; त्यांवर प्यूनिक अक्षरांत अस्टार्टेचे नाव होते.