गॉसिप : एका नात्याचा शब्द

'गॉसिप' हा इंग्रजी शब्द आज आपल्या घरांतही रुळला आहे, आणि तो उच्चारताना नाक थोडे मुरडलेले असते. मुळात मात्र तो नात्याचा शब्द. जुन्या इंग्रजीत 'गॉड' म्हणजे देव आणि 'सिब' म्हणजे सगासोयरा. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी पत्करणारा तो 'गॉडसिब'. इ. स. १०१४ च्या सुमारास आर्चबिशप वुल्फस्टनने एका प्रवचनात, लोक आपल्या गॉडसिबांचाही घात करू लागले, असा विलाप केला आहे. हे नाते इतके खरे मानीत की त्यातल्या माणसांत विवाह चर्चला निषिद्ध होता.

पुढे बाळंतपणाला जमणाऱ्या जिवाभावाच्या बायकांनाही हेच नाव पडले. खोलीत सुईण आणि या शेजारणी, पुरुषांना मज्जाव. खिडक्या झाकलेल्या, कुलपाचे भोकसुद्धा बुजवलेले, आणि प्यायला मसाला घातलेली मद्याची गरम पेज. (बाळंतशोपा आणि शेक-शेगडी पाहिलेल्या आपल्या आज्यांना ही खोली फारशी परकी वाटली नसती.) मूल जिवंत जन्मले की मृत, याची ग्वाही याच बायका देत. अविवाहित मातेला ऐन कळांत बापाचे नाव विचारण्याचे काम सुईणीकडे असे.

या ग्वाहीची गरज एकदा प्रत्यक्ष राजाला पडली. १० जून १६८८ रोजी दुसऱ्या जेम्सच्या राणीला मुलगा झाला. राजा कॅथलिक, प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. हे मूल राणीचे नव्हेच, बिछाना उबवण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून ते आत आणले, अशी कंडी पिकली. राजघराण्यातले बाळंतपण म्हणून खोलीत दरबारी पुरुषही होते. ऑक्टोबरात राजाने सुमारे चाळीस जणांच्या साक्षी घेतल्या. राणीच्या प्रसूतीचे तपशील सुईणीने आणि सरदारांच्या स्त्रियांनी भर सभेत सांगितले. साक्षी छापूनही काढल्या. उपयोग झाला नाही. डिसेंबरात राजा फ्रान्सला पळाला. गादी जाण्याची कारणे इतरही होती, पण ही वावडी त्यात चांगलीच कामी आली.

खोलीतल्या बायका खरे बोलल्या होत्या. खोटे पिकले ते बाहेर, आणि ते पिकवण्यात पुरुष मुळीच मागे नव्हते. तरी १७५५ साली डॉ. जॉन्सनचा कोश निघाला तेव्हा त्यात 'गॉसिप'चे तीन अर्थ आले : धर्मपालक, दारूतला सोबती, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखी वटवट करीत हिंडणारी व्यक्ती. फ्रेंचांतही 'कोमेर' या धर्ममातेच्या शब्दाची हीच गत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत माणूस गळून नुसते बोलणेच 'गॉसिप' झाले.

त्याच शतकात हिंदुस्थानातल्या साहेबांना याच अर्थाचा दुसरा शब्द इथे मिळाला. फारसीतून आलेला आणि आपल्या 'गप्पां'त असलेला 'गप' हा शब्द १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंदलेला आहे.