सात नंबरची कुळकथा

मिनेसोटात किंवा विस्कॉन्सिनमध्ये वॉलआय मासा गरवायला निघालेला माणूस वाटेत दुकानात थांबतो आणि मागतो, "सात नंबरचा शॅड रॅप द्या." हा माणूस मैल, फूट आणि पौंडांत वाढलेला. होडीचा वेग तो मैलांत सांगतो, तळ्याची खोली फुटांत आणि माशाचं वजन पौंडांत. त्याच्या तोंडातला हा 'सात' मात्र सेंटिमीटरचा आहे. त्या ल्यूअरचं खोकं हातात घेऊन पाहा. नंबर ७, आणि लांबी पावणेतीन इंच. पावणेतीनला २.५४ नं गुणलं की उत्तर सातच्या इतकं जवळ येतं की फरक नखाएवढाही उरत नाही. पाच नंबरवर दोन इंच लिहिलेलं असतं, नऊ नंबरवर साडेतीन. तिन्हींचा हिशेब जुळतो. दशमान पद्धतीला दारात उभं न करणाऱ्या देशात, ऐन तळ्याच्या काठी, सेंटिमीटर रोज बोलला जातो. तो तिथे पोचला कसा, याची ही कथा.

ल्यूअर म्हणजे माशासारखं दिसणारं आणि पोहणारं बनावट आमिष. ते चालत्या होडीमागे लांब तंगुसावर ओढत नेलं की त्याला ट्रोलिंग म्हणायचं. अमेरिकेतला या आमिषाचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे: जुलिओ ब्यूएलनं चमच्याच्या आकाराच्या पत्र्याचं पेटंट १८५२ मध्ये घेतलं आणि मिशिगनच्या जेम्स हेडननं लाकडाचे बेडूक-मासे कोरून बास माशाला भुलवलं. आपल्या आकड्याचं कूळ मात्र अमेरिकेत नाही, फिनलंडमध्ये आहे.

लाउरी रापाला १९०५ साली जन्मला. पाइयान्ने या विस्तीर्ण तळ्यावर होडी वल्हवत मासे धरणं हाच त्याचा चरितार्थ. वल्हवता वल्हवता त्यानं एक गोष्ट हेरली. छोट्या माशांच्या थव्यातून मोठा मासा नेमका तोच उचलतो जो जरा लडखडत, एका अंगावर कलत पोहतो. १९३६ मध्ये त्यानं चांभाराच्या चाकूनं आणि काचकागदानं बुचाच्या लाकडाचा असा लडखडणारा मासा घडवला. वर चॉकलेटचा चंदेरी कागद डकवला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. फिनलंडनं मीटर-किलोग्रॅम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच स्वीकारले होते. त्यामुळे त्याच्या पिढीच्या हातात पट्टी आली ती सेंटिमीटरचीच. ल्यूअरचे आकार ठरले ते ७, ९, ११, १३ असे, आणि प्रत्येक आकडा म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी.

इथे तीन प्रतिस्पर्धी मतं पुढे येतात.

पहिलं मत असं, की हा नंबर गळाच्या नंबरावरून आला. पटण्यासारखं वाटतं, कारण प्रत्येक ल्यूअरच्या पोटाखाली गळ असतोच. पण गळाची मोजणी उलटी चालते: सहा नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान. ल्यूअरच्या बाबतीत आकडा वाढला की मासा वाढतो. उलट्या पट्टीतून सुलट पट्टी जन्मत नाही.

दुसरं मत फ्रेंच मेप्सकडे बोट दाखवतं. ही फिरत्या पात्याची आमिषं १९३८ पासूनची, त्यांनाही नंबर, आणि तीही युरोपातूनच अमेरिकेत आली. पण मेप्सची रांग सुरू होते शून्य-शून्यापासून, मग शून्य, मग एक, दोन. शून्य लांबीची वस्तू जगात नसते. तेव्हा तो नुसता अनुक्रम आहे, माप नव्हे.

तिसरं मत सर्वांत चिवट: रापालाच्या कारखान्यातले साच्यांचे क्रमांकच पुढे नंबर झाले. याला रापालाच्याच शॅड रॅपचा आठ नंबर उत्तर देतो. सात आणि नऊच्या मधोमध तो बसतो, आणि त्याची लांबी आठ सेंटिमीटर भरते. हस्की जर्क या दुसऱ्या घराण्यात तर सम आकडेच आहेत, १०, १२, १४; त्यांचीही लांबी आकड्याबरहुकूम. साच्यांच्या क्रमांकाला हा योगायोग इतक्या वेळा साधणार नाही.

लांबीच का, वजन का नाही? याचं उत्तर मूळच्या तरंगत्या ल्यूअरमध्येच आहे. सात नंबरचं वजन ४ ग्रॅम, नऊचं ५, अकराचं ६, तेराचं ७. दोन सेंटिमीटर वाढले की एकच ग्रॅम वाढतो. अंग सर्व बाजूंनी सारखं फुगवलं असतं तर सातवरून तेरावर जाताना वजन सहापटीहून जास्त झालं असतं. इथे ते दुप्पटही होत नाही. म्हणजे घडवणाऱ्यानं मासा लांबवला, जाड केला नाही. माझं ठाम मत आहे की रापालाच्या डोळ्यांपुढे शिकारी माशाचं सावज होतं. सडपातळ सावजात नजरेत भरते ती लांबी, मग माणसानं मोजायची तीही लांबीच. आणि दोन-दोन सेंटिमीटरच्या पायऱ्या का? एका सेंटिमीटरचा फरक गढूळ पाण्यात शिकाऱ्याला फारसा जाणवत नसावा, म्हणून, असं मी म्हणेन.

समुद्र ओलांडायची कथा थोडक्यात सांगता येते. मिनियापोलिसच्या रॉन वेबर आणि रे ऑस्ट्रॉम यांनी १९५९ मध्ये हे ल्यूअर अमेरिकेत आणायला घेतलं. ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकानं त्यावर लेख छापला. मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा, तिचं चित्र मुखपृष्ठावर असलेला तो अंक घरोघर गेला आणि मागण्यांचा पूर आला.

खरा प्रश्न पुढचा आहे. खोक्यावर इंच छापलेले असताना अमेरिकी जिभेनं सेंटिमीटर का उचलला? काही जण याचं श्रेय फिनलंडच्या दबदब्याला देतात: परदेशी माल, परदेशी नंबर, त्यातच त्याची शान. मला हे अपुरं वाटतं. आयोवातल्या बर्कली कंपनीचा फ्लिकर शॅड पाहा. हा अमेरिकी कंपनीचा माल, पण त्याचाही पाच नंबर पाच सेंटिमीटरचा आणि सात नंबर सातचा. दबदबा उसना घेता येतो, पण अडचणीचं माप कोणी उसनं घेत नाही. हे माप सोयीचं होतं. अकरा नंबर इंचांत सांगायचा तर चार पूर्णांक तीन अष्टमांश, तेरा नंबर सव्वापाच. वाऱ्यात, हलत्या होडीत, ओल्या हातानं डबी चाचपताना सोबत्याला "अकरा दे" म्हणणंच जमतं. अपूर्णांक हरला आणि पूर्णांक जिंकला, इतकं ते सरळ आहे.

या विजयाची तारीखही बोलकी आहे. लोकांना दशमानाकडे वळवण्यासाठी नेमलेलं अमेरिकी मेट्रिक मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं गेलं. त्याच १९८२ मध्ये शॅड रॅप बाजारात आला. त्याची इतकी टंचाई झाली की काही दुकानदार तो भाड्यानं देत, असं आजही सांगतात. सरकारला जे साधलं नाही ते बाल्साच्या एका लाकडी माशानं वॉलआयवाल्यांपुरतं साधलं.

त्या आकड्यावर आज ट्रोलिंगची बरीचशी निवड चालते. वसंतात पाणी थंड असतं, मासा सुस्त असतो, तेव्हा पाच नंबर. उन्हाळ्यात पर्च माशाची त्या वर्षीची पिल्लं वाढू लागली की सात. शरदात भक्ष्य मोठं आणि वॉलआय अधाशी, मग नऊ, किंवा बारा-चौदाचे लांबट हस्की जर्क. पण होडीमागे ओढताना आकडा आणखी एक काम करतो. ल्यूअरच्या नाकाखालची पारदर्शक जीभ पाणी कापत त्याला खाली नेते. एकाच घराण्यात मोठ्या नंबरची जीभही मोठी, म्हणून तेवढ्याच तंगुसावर नऊ नंबर पाचपेक्षा खोल जातो. लांबी निवडली की खोलीही निवडली गेली.

याच धाग्यानं या कथेतली सर्वांत गोंधळाची गाठ सुटते. रापालाच्याच डीटी या घराण्यात, जे बासवाल्यांचं लाडकं, आकडा सेंटिमीटरचा नसून फुटांचा आहे. डीटी-६ सहा फूट खोल जातं, डीटी-१६ सोळा फूट. डीटी-१६ ची लांबी मोजली तर भरते सात सेंटिमीटर! बासवाल्याचा सोळा आणि वॉलआयवाल्याचा सात पट्टीवर एकाच रेघेवर येतात. कित्येक जण याला परंपरेशी फारकत मानतात. मी याला वारसा मानतो. ट्रोलिंग करणाऱ्यांनी आकड्यातून खोली ओळखायची सवय आधीच लावून घेतली होती. डीटीनं ती उघडपणे नावात लिहिली. फक्त ते सोळा फूट गळ फेकून ओढण्याच्या हिशेबाचे आहेत. होडीमागे जास्त तंगूस सोडलं की ते ल्यूअर त्याहून खाली जातं, आणि तळाच्या खडकात अडकून तुटतं.

आपल्याकडे कोकणच्या खाड्यांत जिताड्यासाठी रापाला वापरणारेही हेच नंबर बोलतात. सेंटिमीटर आपल्या घरचाच, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण ल्यूअर मागताना आधी घराणं सांगावं आणि मग आकडा. घराणं कळल्याशिवाय सात म्हणजे लांबी की खोली हे दुकानदाराला कळणार नाही, आणि मासाही त्या चुकीची गय करणार नाही.